जवायाचा चाकू

मानोरा
३ फेब्रुवारी २०२५

राजपालभाऊ इवाई,

मानोऱ्याहून पुंजाजीचा जयभीम घ्या. पंचफुला इहीनबाईलेही सांगा.

फोन असताना म्हाताऱ्याले पत्र कायले सुचलं, असं तुमी म्हनसान. माहे कान कामातून गेले हे तुमाले माहीत हाय. घरातला फोन पोरगी सरिता घेते, मंग ते सारं माह्या कानापाशी वरडून सांगते, आन गल्ली ऐकते. आता जे लिहून राह्यलो ते सरितानं ऐकायचं नाही. तुमीही घरात मोठ्यानं वाचू नका.

गोष्ट अशी का, गुलाबसिंग डायवर, जो माह्यासंग एसटीत होता, तो परवा अनसिंगले गेल्ता. दुपारचा तुमच्या घरी पानी प्यायले थांबला. तुमी वावरात होते. त्यानं पाह्यलं, आपला होनारा जवाई प्रसेनजित मागच्या अंगनात बसून चाकू घासून राह्यला. घडी होनारा, खिशात मावनारा चाकू. गुलाबसिंगले पाहून त्यानं तो पोत्याखाली सरकवला. गुलाबसिंग मले म्हनते, "पुंजाभाऊ, भाजी कापायचा चाकू कोनी पोत्याखाली लपवते का?"

राजेहो, माही जिंदगी कंडक्टरीत गेली. कोनाच्या खिशात तिकीट नाही हे मी गाडीच्या दारातून चेहरा पाहून सांगो. चाकू लपवनाराही तसाच. बुद्धपौर्णिमेले लग्न ठरलं, माही एकच पोरगी. पोरगा मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम करते असं तुमी सांगतलं होतं. मोटर गुंडाळायले चाकूले इतकी धार कायले पाह्यजे? त्याचं कोनाशी वाकडं हाय का? का दुसरीकडं कुठं मन गुंतलं होतं आन तिथं काही बिनसलं?

राग मानू नका, पन पोरीचा बाप हाव. खरं काय ते कळवा.

तुमचा
पुंजाजी


अनसिंग
९ फेब्रुवारी २०२५

पुंजाजीभाऊ,

जयभीम. पत्र भेटलं. पोस्टमन म्हने, लग्नाचं काही हाय का? मी म्हनलं, हाव बावा, लग्नाचंच समज.

तुमचा गुलाबसिंग पानी पेला, चहा पेला, चिवडा खाल्ला, आन जाताना आमच्या घराची झडती घेऊन गेला. वा रे पाहुना! माह्या पोराच्या हातात चाकू दिसला त तो गुंडा झाला. तुमच्या घरी विळा, कोयता, कुऱ्हाड हाय का नाही? का तुमी उसाले नुसतं रागानं पाहून तोडता?

तो चाकू इथल्या बाजारातला हाय. रस्त्यावर ताडपत्रीवर मांडून विकतात तसला, निळ्या प्लास्टिकच्या मुठीचा, स्वस्तातला. पोराले लहानपनापासून खटपटीचा नाद. पंखा खोल, रेडिओ खोल, आईचं मिक्सर खोल. तसाच चाकू खोलला. प्लास्टिक काढलं, लाकडाची मूठ बसवून राह्यला. आंबे कापायले पाह्यजे म्हने. इतकीच गोष्ट.

खरं सांगू का, मले वाईट वाटलं. तुमच्या घरी आमी सरिताले पाह्यले आलो, तवा पंचफुलानं अडकित्ता मांगितला. पोरीनं तो हातात नाही देल्ला. बशीजवळ खाली ठेवला आन हळूच सरकवला. लोखंड हातोहात देल्लं त वैर होते, असं जुने लोक म्हनत. आपन ते सारं सोडलं, पन पंचफुला घरी येईपर्यंत एसटीत तेच सांगत होती, पोरगी किती रीतीची, किती रीतीची. त्या अडकित्त्यावर आमच्या घरात पसंती झाली. ज्या घरातली पोरगी लोखंड इतकं जपून देते, त्या घरानं आमच्यावर लोखंडाचाच संशय घ्यावा?

हरबरा सोंगनीले आला. कामं लय हायेत. आता हा विषय बंद करा.

राजपाल


मानोरा
१५ फेब्रुवारी २०२५

राजपालभाऊ,

फेब्रुवारीत आंबे? आमच्या मानोऱ्यात त झाडाले आता मोहोर हाय. तुमच्या अनसिंगात कोन्या झाडाले लागले, मले पत्ता द्या, मी पिशवी घेऊन येतो.

माह्या गाडीत एखादा प्रवासी न विचारता म्हने, "साहेब, मी आत्ताच मागच्या थांब्यावर चढलो." तवाच मी समजो का याच्याजवळ तिकीट नाही. तुमच्या पत्रात आंबे तसेच चढले. मी मुठीचं विचारलं नव्हतं, बाजाराचं विचारलं नव्हतं. चाकू कोनासाठी, एवढंच विचारलं होतं. ते सोडून तुमी सारं सांगतलं.

इवाई, दाल में कुछ काला हाय आन ते तुमालेही ठावं हाय. तुमी तो चाकू एकदा तरी हातात घेतला का? नाही घेतला. भ्या वाटलं असंल. आता घ्या. पातं केवढं हाय ते पाहा. टोक कसं हाय ते पाहा. आन पोराले समोर बसवून विचारा, बापू, कोनासाठी करून राह्यला?

सरिताच्या आईले मी सांगून बसलो, ते चुकलं. लीला दोन घास खाते आन ताट सरकवते. सरिता विचारते, बाबा, तुमी रोज कोनाले लिहिता? मी म्हनतो, पेन्शनीचं काम हाय. लेकराशी खोटं बोलायची पाळी तुमी माह्यावर आनली.

सरळ उत्तर येईपर्यंत मी लग्नाचा बस्ता बांधनार नाही. दुकानदाराले सांगून ठेवलं, साड्या दाखवू नको.

पुंजाजी


अनसिंग
२२ फेब्रुवारी २०२५

पुंजाजीभाऊ,

हे पत्र वाचून झालं का चुलीत टाका.

आंब्याचं मी माह्या मनानं लिहिलं होतं. पोरगा काही बोललाच नव्हता. तुमचं दुसरं पत्र आलं आन मलेही झोप लागंना. प्रसेनजित दुकानावर गेला तवा मी पोत्याखालून चाकू काढला.

काय सांगू! बाजारातला चाकू आता वळखू येत नाही. पातं घासून बोटभर ठेवलं, आन धार अशी का मनगटावरचे केस निघाले. पात्याले एक बारीक स्क्रू बसवला, अंगठ्यानं नुसतं ढकललं त चाकू खटकन उघडते, दुसऱ्या हाताची गरजच नाही. मूठ बाभळीची, जवसाचं तेल पाजून पाजून काळी केली. मुठीच्या मागच्या टोकाले एक पितळेची चपटी पट्टी हाय, नखासारखी. ती कायची ते मले कळलं नाही. आन मूठ माह्या हातात बसेच ना. खाचा साऱ्या उलट्या बाजूनं. मंग डाव्या हातात धरला, त असा बसला का बस. आमच्या घरात कोनीच डावखुरं नाही, पुंजाजीभाऊ. प्रसेनजितही नाही.

सायंकाळी त्याले विचारलं. पहिले हसला. म्हने, "बाबा, तुमी पोत्याखाली कायले हात घातला?" मी दरडावलं. मंग म्हनला, "डोळा काढायले हाय."

मी म्हनलं, काय? त पुन्हा तेच. "डोळा काढायले असाच चाकू लागते. तिकडं असाच वापरतात." आन गाडी काढून गेला निघून.

कोनाचा डोळा? तिकडं म्हनजे कुठं? पंचफुलाले सांगतलं नाही, ती जीव देईल. पोरगा आजपर्यंत कोन्या भांडनात नाही, दारूत नाही. तुमी म्हनत होते तसं कोनाशी वाकडं असंल का? मी त्याच्यामागं मागं फिरून राह्यलो, दुकानासमोर चहाच्या टपरीवर बसून राह्यलो. तुमी कंडक्टर मानूस, चेहरे वाचता. तुमीच सांगा आता काय करू. पन लग्न मोडू नका. हात जोडतो.

राजपाल


मानोरा
२७ फेब्रुवारी २०२५

राजपालभाऊ इवाई यांस जयभीम,

अहो, घाबरले कायले इतके! तुमचं पत्र वाचून मी पहिले कपाळावर हात मारला आन मंग हसलो. तुमी सोयाबीनवाले, तुमाले हे माहीत असन्याचं कारन नाही. आमच्या भागात संत्रा हाय. संत्र्याची कलम बांधतात तवा चांगल्या झाडाच्या फांदीवरून कोंब निघायची जागा सालीसकट काढतात. तिले आमी डोळा म्हनतो. तो डोळा काढायचा आन जंबेरीच्या, म्हनजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चिरून तिथं भरायचा. ती पितळेची पट्टी साल उचलायले असते. सरिता नर्सरीत जाते हे तुमाले सांगतलंच होतं. तिच्यासाठीच करून राह्यला असंल तो. कोनाचा जीव घ्यायले नाही.

जवाई लाखात एक हाय. लपवून करत होता, म्हनजे लग्नात द्यायचा असंल. मीच मूर्ख. गुलाबसिंगलेही मी झापलं.

डाव्या मुठीचं काही मनावर घेऊ नका. पहिल्यांदाच करून राह्यला, झाली असंल उलटसुलट. त्याले त्यावर काही विचारूही नका, पोरगं हिरमुसंल. चाकूचा विषय इथंच संपला. उद्याच बस्ता बांधतो. पंचफुलाबाईले कोनता रंग आवडते ते कळवा. तारीख आनखी अलीकडं घेता आली त तेही पाहू, उन्हाळा लय तापते.

तुमचा
पुंजाजी


अनसिंग
७ मार्च २०२५

पुंजाजी,

तुमचं गोड पत्र भेटलं. इतकं गोड का मुंग्या लागतील.

काल-परवापर्यंत तुमी आमाले चोर ठरवून राह्यले होते, आन आज जवाई लाखात एक? तारीख अलीकडं? आन मुठीचं विचारू नका? मी म्हनलं, पानी कुठंतरी मुरते. आंब्याची थाप मारनारा मी असीन, पन न विचारता सांगनारा प्रवासी आता तुमी झाले.

पंचफुलाले सारं सांगतलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मंग म्हनली, "त्या दिवशी पोरीनं अडकित्ता डाव्या हातानं सरकवला होता." उजवा हात पदरात होता. चहा द्यायले तिची आई आली. आमी समजलो, लाजते.

प्रसेनजितले विचारलं. या येळी तो सरळ बोलला. "तिच्या उजव्या हाताले दोन बोटं नाहीत. अडकित्ता सरकवताना पदर हालला तवा मले दिसलं." मी म्हनलं, "मंग बोलला काहून नाही?" म्हनते, "ती बोलंल तवा बोलीन. तवापर्यंत चाकू करतो."

म्हनजे आमी ज्याले रीत समजलो, ती लपवाछपवी होती! डावा हात समोर करनं वाईट दिसंल, उजवा करता येत नाही, म्हनून अडकित्ता खाली. आन आमी बैलासारख्या माना हालवल्या. लोक हसतील आमाले.

बोटं नाहीत त नाहीत, तो तिचा गुन्हा नाही. पन तुमी माह्या घरात बसून, माह्या हातून पेढा खाऊन, हे पोटात ठेवलं. आन वरून माह्या पोराचे खिसे तपासायले निघाले! जिंदगीभर दुसऱ्याचं तिकीट तपासलं, आन बिगर तिकीट तुमीच बसले होते गाडीत.

पोरगा लग्नाले तयार हाय. मी नाही. आनखी काय काय झाकलं हाय ते मले काय माहीत? बुद्धपौर्णिमेचं धरून चालू नका.

राजपाल


मानोरा
१६ मार्च २०२५

राजपालमामाजी,

सरिताचा जयभीम. पंचफुलाआईलेही.

शुद्ध भाषेत लिहायचं म्हनून बसली होती. दोन कागद फाडले. राग आपल्याच बोलीत येते, म्हनून तशीच लिहून राह्यली.

तुमचं पत्र मी वाचलं. बाबा दोन दिवस जेवले नाही, आन उशीखाली कागद दाबून झोपले. पेन्शनीच्या कामानं मानूस असा होत नाही. मी कागद काढले. मंग मागचेही सारे काढले आन आईले मोठ्यानं वाचून दाखवले. बाबाले ऐकू आलं नसंल, पन आमचे चेहरे पाहून समजले.

तुमी दोघं बाप एकमेकाचे खिसे तपासत होते आन चाकू माह्या नावाचा होता. मले कोनीच काही विचारलं नाही.

आता माहं ऐका. बारावीच्या साली थ्रेशरमधी हात गेला. उजव्या हाताची करंगळी आन तिच्या शेजारचं बोट गेलं. आई म्हने, झाकली मूठ सव्वा लाखाची, हात दाखवून अवलक्षन कायले करायचं? पाहुने आले का उजवा हात पदरात. अडकित्त्याची हुशारी तिचीच. मी ऐकलं, कारन दोन पाहुने त्याच्या आधी हात पाहून उठून गेले होते. मले पुन्हा ते पाहायचं नव्हतं. पन मंग तुमची पसंती आली आन मी घरात जाऊन रडली. तुमी मले पसंत केलं नव्हतं, अर्ध्या मले केलं होतं.

प्रसेनजितशी मी रोज फोनवर बोलते. जेवला का, जेवली का, करंट गेला का, आला का. नर्सरीत डोळे भरते, एवढं त्याले सांगतलं होतं. हाताचं तो बोलला नाही, मी बोलली नाही. मले वाटे, त्याले माहीत नाही. त्याले वाटे, मी सांगीन. पाहा, तुमीच नाही, आमीही तसेच.

तुमच्याकडं भांडन झाल्यावर त्यानं चाकू कुरियरनं पाठवून दिला. शुक्रवारी भेटला. सारखी उघडबंद करत बसली. लय सुंदर केला. पात्याचा कोन अगदी डोळा काढायले पाह्यजे तसा, पट्टीनं साल अलगद उचलते. नर्सरीतल्या बाया मांगून मांगून पाहत होत्या.

पन मामाजी, तो मले कामाचा नाही.

मी डावखुरी नाही. नर्सरीत मी नुसती हजेरी घेते असं बाबानं तुमाले सांगतलं होतं, तेही खोटं हाय. मी डोळे भरते, आन उजव्या हातानं भरते. पहिल्या वर्साले डाव्या हातानं करून पाह्यलं, कलमा जळून जात. मंग याच हाताले शिकवलं. अंगठा आन दोन बोटं, तेवढ्यात सारं बसवलं. तिथं कोनापासून हात लपवत नाही, कोनाले येळच नाही पाहायले. घरी आली का आई पदर वढते. तुमच्या पोरानं मले एकदाच पाह्यलं, ते आईनं शिकवलेल्या सोंगात. म्हनून त्यानं डाव्या हाताचा चाकू केला. त्याचा दोष नाही. आमी खोटं दाखवलं, त्यानं त्या खोट्याच्या मापाची मूठ केली.

चाकू परत पाठवून राह्यली. मूठ उजव्या हाताची करून पाह्यजे. मागून फुगीर ठेवायले सांगा, तळहातात भरली पाह्यजे, कारन तिथं धरायले बोटं नाहीत. अंगठ्याचा स्क्रू दुसऱ्या बाजूले. पातं तसंच राहू द्या.

या पत्राच्या मागच्या बाजूले मी माहा उजवा हात ठेवून पेनानं भवताल रेघ वढली हाय. मूठ त्याच मापानं करा. आन तुमी आन पंचफुलाआई, दोघंही तो कागद नीट पाहा. लग्न मोडायचं असंल त हा हात पाहून मोडा. माह्या बापाच्या पत्रावरून मोडू नका. तो घाबरलेला मानूस हाय, खोटा नाही.

सरिता


अनसिंग
२२ मार्च २०२५

सरिता पोरी,

जयभीम. कागद आन चाकू दोन्ही भेटले.

मी रागात वाचायले बसलो होतो. मागची बाजू उलटली आन चष्मा काढला. पंचफुलानं त्या रेघेवर आपला हात ठेवून पाह्यला, आन लय येळ उचललाच नाही. मंग म्हनली, "याच हातानं इतक्या कलमा जगवल्या म्हनते का?" मी म्हनलं, हाव. त म्हनली, "मंग आपलं काय मोडायचं राह्यलं?"

तुह्या बापावर माहा राग हाय आन तो इतक्यात जायचा नाही. त्याले सांग, बस्ता बांध आन मांडवात माह्यापासून चार हात लांब बस. ऐकू नाही आलं त लिहून दे.

प्रसेनजितनं खिळे काढून डावी मूठ उखडली. तुहा कागद त्यानं पाटावर चिकटवला, अंगनात घेऊन बसला, आता पोत्याखाली काही लपवत नाही. मले विचारत होता, नवी मूठ बाभळीचीच करू का सागाची, साग हलका राहीन. मी म्हनलं, आता दोन्ही बापांले काही विचारू नको. जिचा हात, तिले विचार.

त लवकर कळव.

तुहा मामाजी
राजपाल